डबीवर तोटाही छापा : एका चिनी वेलीच्या निमित्ताने आयुष मंत्रालयाला खुले पत्र

मा. केंद्रीय आयुष मंत्री, आणि औषधाच्या डबीवर काय छापायचे व काय नाही हे ठरवणारे मंत्रालयातील सर्व अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण खात्याचे मंत्री बुलढाण्याचे आहेत, आणि इंग्रजीत अर्ज लिहायचा म्हटला की माझी निम्मी शक्ती शब्दकोश धुंडाळण्यात जाते. बोटांत आधीच फार शक्ती उरलेली नाही. मी सांगली जिल्ह्यातली, निवृत्त विज्ञान शिक्षिका. १४ वर्षे संधिवाताची रुग्ण. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात त्यालाही आमच्याकडे संधिवातच म्हणतात, तो नव्हे. माझ्या आजारात शरीराची राखण करणारी फौज आपल्याच सांध्यांवर तुटून पडते. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड म्हणतात, वैद्य आमवात म्हणतात. रविवारी रात्री मेथोट्रेक्सेट, सोमवारी फॉलिक ॲसिड, दर तीन महिन्यांनी मिरजेला रक्ततपासणी, असे माझे पंचांग आहे.

विषय एका बाटलीचा आहे.

गेल्या दिवाळीत ताई आणि भाची माझ्याकडे आल्या होत्या. भाची २९ वर्षांची. चकल्या पाडायला बसली आणि तिच्याने सोऱ्या फिरेना. पहिल्यांदा मला वाटले पीठ घट्ट झाले. मग तिने सोऱ्या उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, तेव्हा माझ्या लक्षात आले. मधल्या बोटाचे पेर सुजून चकचकीत झाले होते. ती चकाकी मी ओळखते. मी सोऱ्या घ्यायला हात पुढे केला, आणि दोघीही हसलो, कारण माझ्याने तरी तो कुठे फिरणार होता. शेवटी जावयांनी चकल्या पाडल्या.

तिला आजार होऊन दोन वर्षे झालीत. मूल हवे म्हणून डॉक्टरांनी तिचे मेथोट्रेक्सेट थांबवले, कारण ते गर्भाला घातक असते, आणि त्याऐवजी सल्फासालाझिन दिले, जे गरोदरपणातही चालते. त्या रात्री तिने पर्समधून एक बाटली काढली. न्यू जर्सीला असलेल्या तिच्या धाकट्या दिराने आणलेली. हिरवे पान, सोनेरी अक्षरे, नाव 'थंडर गॉड वाइन', खाली सांध्यांच्या स्वास्थ्यासाठी, नैसर्गिक, वगैरे. ६० कॅप्सूल. दोन तिने घेऊन झाल्या होत्या. सोबत मोबाइलवर आलेला एक मजकूर होता : ही चिनी वेल संधिवातावर सल्फासालाझिनच्या दुप्पट गुणकारी असल्याचे अमेरिकेत सिद्ध.

"मावशी, मी तर सल्फासालाझिनच घेतेय. मग हेच का नको?"

ताई म्हणाली, "झाडपाल्याचंच आहे गं. त्यानं काय होणार?"

मी म्हटले, मला चार दिवस दे. तोवर तिसरी कॅप्सूल घेऊ नकोस. मुलाने मूळ शोधनिबंध छापून आणून दिले. दिवाळीचा उरलेला फराळ आणि ते निबंध, दोन्ही मी एकदमच संपवले.

पहिली गोष्ट ही की तो मजकूर खोटा नव्हता. याचे मला अजून आश्चर्य वाटते. अशा गोष्टींत आकडा खरा निघण्याची मला सवय नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील राफाएला गोल्डबाख-मान्स्की आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १२१ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना या वेलीच्या मुळाचा अर्क ६० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, काहींना सल्फासालाझिन एक ग्रॅम दिवसातून दोनदा. २४ आठवडे. जे शेवटपर्यंत औषध घेत राहिले त्यांच्यात निदान २० टक्के सुधारणा झालेले वेलीच्या गटात ६५ टक्के निघाले, सल्फासालाझिनच्या गटात ३२.८. दुप्पट म्हणजे दुप्पटच. पण 'जे शेवटपर्यंत घेत राहिले' हे शब्द मोबाइलवर आले नव्हते. वेलीच्या गटातले ६२ टक्केच टिकले. सल्फासालाझिनच्या गटातले तर ४१ टक्केच, हेही सांगायला हवे, नाहीतर मीसुद्धा त्या मजकुरासारखीच अर्धी गोष्ट सांगेन. इतकी माणसे गळाली की उरलेल्यांच्या टक्केवारीवर किती भार टाकायचा याचा विचार करावा लागतो.

दुसरा प्रयोग चीनमधला आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. बीजिंगच्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेज हॉस्पिटलच्या पुढाकाराने झालेला, २०१५ चा. २०७ रुग्ण, तीन गट. एका गटाला मेथोट्रेक्सेट, आठवड्याला १२.५ मिलिग्रॅम, दुसऱ्याला वेलीची गोळी, २० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तिसऱ्याला दोन्ही. इथे कसोटी कडक होती, सुधारणा निम्मी म्हणजे ५० टक्के हवी. २४ आठवड्यांनी मेथोट्रेक्सेट गटात ४६.४ टक्के लोक त्या रेषेपर्यंत पोचले, वेलीच्या गटात ५५.१, आणि दोन्ही घेणाऱ्यांत ७६.८.

मेथोट्रेक्सेट ही आमच्या आजाराची आधारशिला आहे. जगभर पहिले औषध म्हणून तेच देतात. त्याच्या शेजारी एक झाडाचे मूळ उभे केले आणि ते मागे पडले नाही. यात उणीव एक आहे : आपण काय घेतोय हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही माहीत होते, आणि वेदना मोजताना मनाचा हिस्सा मोठा असतो. तरी मी तो तक्ता तीनदा वाचला. १४ वर्षे एकाच गोळीवर जगणाऱ्या माणसाला तिसऱ्या गटाचा आकडा पाहून काय वाटते, ते आपल्याला कसे सांगू.

आता त्या वेलीविषयी. चिनी भाषेत तिला लेइ गोंग थेंग म्हणतात. लेइ गोंग हा तिथल्या लोकश्रद्धेतला गडगडाटाचा देव, हातात ढोल आणि हातोडा घेतलेला, पापी माणसावर वीज पाडणारा. थेंग म्हणजे वेल. मी तिला आपली गर्जनवेल म्हणते. शास्त्रीय नाव ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डी, म्हणजे तीन पंखांची. तिच्या फळाला खरोखर तीन पातळ पंख असतात. दक्षिण चीनच्या डोंगराळ भागात वाढते. तिथले शेतकरी मुळाची पूड भाजीपाल्यावर किडी मारायला टाकत. हे वाचले तेव्हा मी बाटली टेबलावरून उचलून वरच्या फडताळात ठेवली.

किडी मारणाऱ्या मुळातून औषध काढायचे तर ते सोलावे लागते. सालीत, पानांत, फुलांत विष जास्त, इतके की जीव जाऊ शकतो; वापरायचा तो सोललेल्या मुळाचा आतला गाभा, तोही बराच वेळ उकळून. या वेलीच्या जवळच्या बहिणीच्या फुलांवर मधमाश्या बसल्या तर तो मध खाऊनही माणसे दगावल्याच्या नोंदी युन्नान प्रांतात आहेत. ही वेल आपल्याला परकी आहे असेही नाही. ती मालकांगोणीच्या कुळातली. आमच्या आजीच्या कपाटात मालकांगोणीच्या तेलाची काळपट बाटली असायची, गुडघ्याला चोळायला. गर्जनवेलीतल्या एका द्रव्याला सेलास्ट्रॉल म्हणतात, ते नावच मालकांगोणीच्या शास्त्रीय नावावरून आले आहे. (म्हणून कुणी मालकांगोणी खायला लागू नका. कुळ एक म्हणजे गुण एक, असे माणसांतही नसते.)

तिचे मुख्य द्रव्य मात्र ट्रिप्टोलाइड. ते १९७२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात मॉरिस कुपचान यांच्या गटाने वेगळे केले. ते शोधत होते रक्ताच्या कर्करोगावर औषध. संधिवात त्यांच्या मनातही नव्हता. त्यानंतर जवळजवळ ४० वर्षे हे द्रव्य पेशीत जाऊन नेमके काय करते याचा पत्ता नव्हता. तो २०११ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जुन लिऊ यांच्या प्रयोगशाळेने लावला. मी वर्गात शिकवल्यासारखे सांगते, कारण पुढचा सगळा मुद्दा यावर आहे.

पेशीच्या केंद्रात डीएनए असतो; ते तलाठ्याचे मूळ दफ्तर समजा. दफ्तर कधी बाहेर जात नाही. जे काम करायचे त्याचा उतारा काढायचा, तो उतारा म्हणजे आरएनए, आणि त्या उताऱ्याबरहुकूम प्रथिने तयार होतात. आमच्या सांध्यांत जी जळजळ चालू असते तीही अशीच उताऱ्यांवर चालते. सूज वाढवणारी प्रथिने भराभर उतारे काढून बनवली जातात. आता उतारा काढायचा तर आधी कुणीतरी दफ्तराची गाठ सोडली पाहिजे. ते काम करणारे एक प्रथिन आहे, त्याचे नाव एक्सपीबी. शिपाईच म्हणा. ट्रिप्टोलाइड जाऊन त्या शिपायाचा हात धरते, आणि सोडत नाही. गाठ सुटत नाही, उतारा निघत नाही. सूज उतरते.

पण शिपाई एकच आहे. सूज वाढवणाऱ्या पेशीलाही तोच आणि बीजांडातल्या पेशीलाही तोच. जिथे भराभर नवे काम चालते, म्हणजे वृषण, बीजांडे, अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर, तिथे उतारे थांबल्याचा फटका सगळ्यात आधी बसतो. गुण ज्या दाराने आत येतो त्याच दाराने तोटाही येतो. आणि या विषावर उतारा नाही, दुसऱ्या अर्थाने.

तोटा कुठला, तेही चिन्यांनीच शोधले. १९८० च्या दशकात तिथल्या दवाखान्यांत संधिवातासाठी ही गोळी घेणाऱ्या पुरुषांत शुक्रजंतू कमालीचे घटलेले आढळले. इतके की काही शास्त्रज्ञांना हे पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक होईल की काय असे वाटले, आणि त्यांनी संधिवाताच्या मात्रेपेक्षा कमी मात्रेत त्याचा अभ्यासही केला. बायकांची पाळी अनियमित होते, थांबते. वय जास्त असेल आणि औषध लांबेल तसा धोका वाढतो. काहींची औषध सोडल्यावर परत येते, काहींची येत नाही. शिवाय पोट बिघडते, यकृत आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, पांढऱ्या पेशी घटू शकतात.

मूल हवे म्हणून मेथोट्रेक्सेट सोडलेल्या मुलीच्या हातात, निसर्गाच्या नावाने, पाळी बंद पाडू शकणारी बाटली आली होती. तिच्या दिराने प्रेमाने आणली होती. वाईट कुणाच्याच मनात नव्हते.

आता माझा आपल्याशी संबंध येतो तो इथे. चीनमध्ये या वेलीच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध आहेत. २०१२ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने सूचना काढली, आणि त्यात मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, मूल हवे असलेल्या स्त्रीपुरुषांनी, हृदय-यकृत-मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांनी हे घेऊ नये असे सांगितले. त्यांच्याच परंपरेतले औषध, त्यांच्याच देशात दशकानुदशके वापरलेले, ज्यावर त्यांचा अभिमान असायला हरकत नव्हती. त्यांनी त्याचा गुण २०७ माणसांवर तपासला, आणि तोटा चार लोकांना वाचता येईल असा लिहून काढला. भाचीच्या बाटलीवर त्यातला एक शब्द नव्हता, कारण ती बाटली औषध म्हणून विकलीच जात नाही, पूरक आहार म्हणून विकली जाते.

चिनी सरकारचे मी गोडवे गात नाही. तिथेही परंपरेच्या नावावर काय काय खपते ते वाचनात येते. पण या एका वेलीच्या बाबतीत त्यांनी जे केले ते आपण आपल्या झाडांच्या बाबतीत केलेले नाही, आणि हे मला फार लागते, कारण आपल्याला ते जमणारे आहे. नव्हे, जमलेले आहे.

बिब्बा घ्या. (मी बिब्बा घालायला आलेली नाही, हे आधीच सांगते.) आमच्या लहानपणी बिब्बा उतलेली माणसे घरोघरी असत, काळे तेल लागले की कातडी भाजल्यासारखी फोडांनी भरायची. तरी तेच फळ वैद्य टोपी कापून, विटेच्या भुकटीत घासून, शोधन करून वाताच्या औषधात वापरतात. सोललेल्या गर्जनवेलीच्या मुळाहून यात वेगळे काय? विषातून औषध काढायची कला आपल्याकडे शेकडो वर्षे आहे, आणि ती काढताना 'हे विष आहे' असे म्हणायला ग्रंथकार कधी लाजले नाहीत. भल्लातक, वत्सनाभ, कुचला, धोतरा यांची यादी आपल्या औषध नियमांतही आहे, अनुसूची ई(१) मध्ये. ती द्रव्ये असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर नियम १६१ प्रमाणे एक वाक्य छापावे लागते : वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे.

बस. एक वाक्य. कशासाठी देखरेख, काय झाले तर थांबायचे, कोणी घ्यायचे नाही, काही नाही. आणि ते वाक्य नियमाप्रमाणे इंग्रजी आणि हिंदीत. माझ्या शेजारच्या काकू, ज्या वाताची गोळी महिन्याकाठी आणतात, त्यांना दोन्ही वाचता येत नाही. मराठी येते, तेही मोठे अक्षर असेल तर.

आणि यादीत नसलेल्या द्रव्यांचे काय? २०१० मध्ये आलेल्या नियम १५८-ब प्रमाणे ग्रंथात सांगितलेले औषध ग्रंथात सांगितल्याप्रमाणेच केले असेल तर त्याच्या परवान्यासाठी सुरक्षिततेचा वेगळा अभ्यास लागत नाही. यामागचा विचार मला कळतो : शतकानुशतके माणसांनी घेतले, तेच प्रमाण. पण गर्जनवेलही चिनी लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. पुरुषांचे शुक्रजंतू घटतात हे कळायला कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागले. वर्षानुवर्षे घेणाऱ्याच्या शरीरात हळूहळू होणारे नुकसान परंपरेला दिसतेच असे नाही. मूल झाले नाही तर परंपरा नशिबाला, देवाला किंवा बायकोला दोष देऊन मोकळी होते.

गुळवेलीचे उदाहरण ताजे आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. ज्यांच्या अंगात स्वप्रतिकाराचा आजार, म्हणजे माझ्यासारखा राखणीची फौज आपल्याच अंगावर उलटणारा, दडलेला असतो त्यांच्यात गुळवेल तो चाळवते की काय, असा त्यांचा संशय होता. मंत्रालयाचे उत्तर आले की अहवाल दिशाभूल करणारा आहे, वनस्पतीची नीट ओळखच पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. हा आक्षेप घेण्यासारखा होता, मी नाकारत नाही. वेली एकमेकींसारख्या दिसतात. पण मी स्वप्रतिकाराच्या आजाराची रुग्ण, आणि करोनाच्या काळात रोज सकाळी अंगणातल्या गुळवेलीचा काढा घेणारी. मला त्या पत्रकातून एवढेच हवे होते की बाई, तुझ्यासारखीने घ्यावी का नको? अहवाल लिहिणाऱ्यांचे काय चुकले ते मला समजले. माझे काय, ते समजले नाही. मी तेव्हा मिरजेच्या तपासणीत यकृताचा आकडा पाहिला, तो बरा निघाला, काढा बंद केला. (चीनमध्येही संधिवातावर गुळवेलीच्या कुळातली एक वेल वापरतात, छिंग फेंग थेंग. तिच्यातल्या सिनोमेनिनने अंगाला खाज सुटते, पुरळ येते, हे तिथे उघड लिहितात.)

जमलेले आहे म्हणाले, त्याविषयी. पुण्यात डॉ. अरविंद चोप्रा, भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांचे एक औषध १८२ संधिवात रुग्णांवर १६ आठवडे तपासले, औषध आणि निर्गुण गोळी (दिसायला तशीच, पण औषध नसलेली), कोणाला काय हे दोन्ही बाजूंना माहीत नाही अशा रीतीने. २००० मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य मापावर औषध निर्गुण गोळीच्या फार पुढे गेले नाही. आणि त्यांनी ते तसेच छापले. माझ्या मते आपल्या देशातल्या आयुर्वेद संशोधनातले ते फार मोठे काम आहे, आणि शाळेच्या एकाही पुस्तकात नाही. याच डॉ. चोप्रांनी भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती. आमचा आजार दर हजारी साधारण पाच जणांना असतो हे गावातल्या माणसांवरून मोजले, मुंबईच्या इस्पितळातल्या रांगेवरून नव्हे. नंतर गुडघ्याच्या झिजेवर ४४० रुग्णांचा त्यांचा प्रयोग झाला, त्यात आयुर्वेदिक मिश्रणे सेलेकॉक्सिब या वेदनाशामक गोळीच्या तोडीची ठरली, आणि काही रुग्णांत यकृताचा आकडा वाढला, हेही त्याच निबंधात आहे. जिथे गुण सांगितला तिथेच तोटा.

२०११ मध्ये कोइमतूरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आयुर्वेद, मेथोट्रेक्सेट, दोन्ही. बीजिंगसारखेच तीन गट, आणि तिथल्यापेक्षा सरस म्हणजे कोण काय घेतोय ते झाकलेले. बीजिंगच्या चार वर्षे आधी! रुग्ण किती? ४३. आयुर्वेद मेथोट्रेक्सेटच्या जवळपास राहिला, पण ४३ माणसांचे तीन भाग केल्यावर काय हाती लागणार? तेच २०० माणसांवर करायला पैसा, माणसे, इच्छा, यांपैकी काय कमी पडले ते मला ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक असेल. तो प्रयोग पुढे गेला असता तर माझ्या भाचीला न्यू जर्सीच्या बाटलीकडे पाहायची गरज पडली नसती, असे मला राहून राहून वाटते. कदाचित आपलाच एखादा काढा तिच्या गोळीशेजारी बसला असता. कदाचित नसता. कळले तरी असते.

कुणी म्हणेल, बाई, ही वेल आयुर्वेदात नाही, बाटली अमेरिकेतून आली, पूरक आहार अन्न सुरक्षा खात्याकडे येतात, आमचा काय संबंध? कागदावर संबंध नाही. पण 'झाडपाल्याचंच आहे, त्यानं काय होणार' हे ताईचे वाक्य कुठून आले? ते चीनमधून आले नाही आणि न्यू जर्सीहूनही नाही. ते आमच्या इथल्या भिंतींवरून, बसच्या पाठीवरून, टीव्हीवरून आले आहे. 'कोणतेही दुष्परिणाम नाहीत.' मी ६१ वर्षांत आयुर्वेदिक औषधाच्या जितक्या जाहिराती वाचल्या, त्यांत हे वाक्य बहुतेक ठिकाणी होते. ज्या औषधाचा काहीही तोटा नाही त्याचा गुणही असायची शक्यता कमी, हे मी आठवीच्या मुलांना सांगत असे. पाण्याचाही अतिरेक मारतो. आणि भाचीची जुनी गोळी घ्या. मेथोट्रेक्सेटच्या पत्रकावर गर्भाला धोका आहे हे छापलेले असते. सल्फासालाझिनच्या पत्रकावर पुरुषांचे शुक्रजंतू तात्पुरते घटतात हे छापलेले असते. म्हणूनच त्या गोळ्या कधी द्यायच्या आणि कधी काढायच्या हे तिचे डॉक्टर ठरवू शकले. छापलेल्या तोट्यामुळे कुणी त्या गोळ्या टाकून दिल्या नाहीत. मी तर १४ वर्षे घेते आहे.

तेव्हा मागणी एवढीच. आयुर्वेद, सिद्ध, युनानी, कुठल्याही पद्धतीच्या वाताच्या औषधाच्या डबीवर, ज्या राज्यात ते विकले जाते तिथल्या भाषेत, कोणी घेऊ नये आणि कुठले लक्षण दिसले की थांबावे हे छापायला लावा. ज्याचा तोटा अजून तपासलेलाच नाही त्यावर 'तपासलेले नाही' असे छापा. ते लिहायला लाज कसली? 'दुष्परिणाम नाहीत' हे वाक्य पुराव्याशिवाय छापायची मुभा काढून घ्या. आणि कोइमतूरचा प्रयोग पुन्हा करा, दोनशे माणसांवर, माझे नाव पहिल्या यादीत घाला. मिरज-सांगलीत केंद्र केलेत तर आणखी दहा बायका मी घेऊन येते, सगळ्या रविवारवाल्या.

गर्जनवेलीची गोष्ट संपलेली नाही. शांघायच्या मटेरिया मेडिका संस्थेत ट्रिप्टोलाइडच्या रेणूत फेरफार करून त्याचे सौम्य रूप शोधणे चालू आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात त्याचेच पाण्यात विरघळणारे रूप स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी तयार झाले. शिपायाचा हात फक्त सांध्यातल्या पेशीतच धरता आला, तर माझ्या पिढीला नाही तरी भाचीच्या मुलीला उपयोग होईल. मुलगी झाली तर.

भाची सल्फासालाझिनवरच आहे. बाटली तिने माझ्याकडेच ठेवली, मी ती घंटागाडीत टाकली नाही. कचरा वेचणाऱ्या पोरांना चकचकीत बाटल्या आवडतात. फडताळात आहे. परवा मी तिच्या सोनेरी अक्षरांवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि मार्करने लिहिले. अक्षर वाकडे आले, पण वाचता येते :

सांध्यांची सूज कमी होऊ शकते.
पाळी बंद पडू शकते. पुरुषांत शुक्रजंतू घटतात.
मूल हवे असेल त्यांनी घेऊ नये. मुलांना देऊ नये.
यकृत, मूत्रपिंड, रक्तपेशी तपासल्याशिवाय घेऊ नये.
डॉक्टरला सांगितल्याशिवाय मुळीच नाही.

पाच ओळी आहेत. पट्टी मोजली, अडीच इंच भरली. बाटलीवर अजून जागा शिल्लक आहे.

आपली,
सांगली जिल्ह्यातील एक संधिवात रुग्ण